अनंताचं आडनाव

अनंताचं शास्त्रीय नाव गार्डेनिया जास्मिनॉइड्स. ऐकल्यावर अर्थ लगेच लागल्यासारखा वाटतो: गार्डन म्हणजे बाग, जास्मिन म्हणजे जाई-मोगरा. बागेतलं, मोगऱ्यासारखं फूल. पण इथला 'गार्डन' म्हणजे बाग नव्हे, ते एका माणसाचं आडनाव आहे. आणि अनंताचं जाई-मोगऱ्याशी काही नातं नाही. तो कॉफीच्या कुळातला.

कोड लिहिणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. घाईत कुणीतरी व्हेरिएबलला एक नाव देतो, पुढे त्याचं काम बदलतं, तरी नाव तेच राहतं. अनंताच्या बाबतीत हे अठराव्या शतकात घडलं.

झाड मुळात पूर्व आशियातलं. चीनमध्ये ते हजार वर्षांहून जास्त काळ लावलं जातंय. सोंग काळातल्या चित्रांमध्ये त्याची फुलं दिसतात. तिथे फुलाइतकंच फळही मोलाचं. एकेरी पाकळ्यांच्या अनंताला नारिंगी फळं धरतात आणि त्यांच्यापासून पिवळा रंग निघतो. केशराला रंग देणारं क्रोसिन हे द्रव्यच त्या फळांतही असतं. जपानमध्ये मुळ्याचं लोणचं या रंगाने पिवळं करतात.

युरोपला मात्र झाड भेटलं ते भलत्याच ठिकाणी. 1754 साली 'गोडॉल्फिन' जहाजाचा कप्तान हचिन्सन याला आफ्रिकेच्या टोकाशी, केप ऑफ गुड होपला, दुहेरी पांढऱ्या फुलांचं एक घमघमणारं झुडूप दिसलं. त्याने ते इंग्लंडला नेलं आणि एसेक्समधल्या वुडफर्डच्या रिचर्ड वॉर्नर या हौशी बागायतदाराला दिलं. झाड केपहून आलं आणि वास जाईच्या जवळचा, म्हणून ते 'केप जास्मिन' झालं. चीनचं झाड, आफ्रिकेचा पत्ता, जाईचं नाव.

ही जाई नव्हे, हे जॉन एलिस या व्यापारी-निसर्गअभ्यासकाच्या लक्षात आलं. ते सिद्ध करणं सोपं नव्हतं. लिनियसच्या पद्धतीत वर्गीकरण पुंकेसर मोजून व्हायचं आणि दुहेरी फुलांत बरेचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. ज्या सौंदर्यामुळे फूल जपलं गेलं, त्याच सौंदर्याने त्याची ओळख झाकली होती.

एलिसला झाडाला वॉर्नरचं नाव द्यायचं होतं. वॉर्नरने नकार दिला. मग एलिसने दूर अमेरिकेतल्या चार्ल्स्टनच्या आपल्या मित्राचं नाव पुढे केलं: डॉ. अलेक्झांडर गार्डन. लिनियसने आढेवेढे घेतले, पण 1760 च्या सुमारास 'गार्डेनिया' रुजू झालं. म्हणजे ज्याने झाड आणलं, ज्याने वाढवलं, ज्याने ओळखलं, त्यांपैकी कुणाचंच नाव लागलं नाही. लागलं ते समुद्रापलीकडच्या एका मित्राचं.

हा गार्डन सामान्य माणूस नव्हता. 1730 मध्ये स्कॉटलंडात जन्मलेला हा डॉक्टर साउथ कॅरोलायनात रुग्ण तपासायचा आणि उरलेल्या वेळात वनस्पती, मासे, उभयचर गोळा करून लिनियसला पाठवायचा. पुढे अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. गार्डन इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिला, त्याचा मुलगा मात्र बंडखोरांच्या सैन्यात गेला. युद्ध संपताना गार्डनला अमेरिका सोडावी लागली. मागे राहिलेल्या मुलाला मुलगी झाली आणि तिचं नाव ठेवलं गार्डेनिया. पण आजोबांनी या नातीला कधीच भेटू दिलं नाही, असं सांगतात. 1791 मध्ये ते लंडनला वारले. आपल्या नावाचं फूल त्यांनी स्वीकारलं, त्या फुलाच्या नावाची नात नाही.

हे आडनाव आपल्या रानातही येऊन पोचलं आहे. महाराष्ट्रात अनंताचे सख्खे भाऊबंद आहेत: डिकेमाली. या झाडाच्या कळ्यांवर उग्र वासाचा डिंक येतो आणि बाळाला दात येताना तो वापरायची जुनी पद्धत आहे. कितीतरी आज्या डिकेमाली ओळखत होत्या. पण वनस्पतिशास्त्राच्या वहीत तीही गार्डेनियाच, सह्याद्रीशी काडीचाही संबंध नसलेल्या डॉक्टरच्या नावाने.

मला या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस वेगळाच वाटतो. लंडनजवळच्या माइल एंडला जेम्स गॉर्डन नावाचा नर्सरीवाला होता. वॉर्नरच्या झाडाच्या काड्या त्याने रुजवल्या आणि तिथून ते इंग्लंडभर गेलं. दुहेरी अनंताला सहसा बी धरत नाही. त्याची फांदी कुणीतरी कापावी लागते, ओल्या मातीत खोचावी लागते, सावलीत जपावी लागते. म्हणजे आज अंगणात उभा असलेला प्रत्येक दुहेरी अनंत ही फांदीची फांदी, तिची फांदी. चीनमधल्या कुणा माळ्यापासून आपल्या शेजारच्या काकूंपर्यंत ही साखळी एकदाही तुटलेली नाही. तुटली असती, तर ते झाड आज नसतं. या साखळीतल्या जवळपास कुणाचंच नाव कुठे नोंदलेलं नाही.

तुम्ही या साखळीत येणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा. अनंताला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत तो म्हणूनच खुलतो. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही: पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी नुसतं खत वाढवून भागत नाही. कुंडीत लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि शक्यतो पावसाचं पाणी द्या. मातीत ओल हवी, पण पाणी तुंबायला नको. कळ्या आल्या की कुंडी हलवू नका, कळ्या गळतात. छाटणी बहर संपल्यावर लगेच करा. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापडाने पुसून काढा.

छाटलेल्या फांद्या फेकू नका. पावसाळ्यात बोटभर कोवळ्या काड्या ओल्या वाळूत खोचा, खालची पानं काढून. काही आठवड्यांत मुळं धरतील. त्यातली एक स्वतःला ठेवा, बाकीच्या वाटून टाका.