निग्रोधमृगाचे कुंपण : मृगया, वेठ आणि अहिंसा

जातकट्ठकथेतील बारावे जातक निग्रोधमिग जातक या नावाने प्रसिद्ध आहे. गर्भवती हरिणीच्या जागी स्वतःची मान वधाच्या ठोकळ्यावर ठेवणाऱ्या मृगराजाची ही कथा विहारांतून भक्तिभावाने सांगितली जाते. परंतु सांगताना तिचा आरंभ बहुधा गाळला जातो, आणि समाजेतिहासाच्या दृष्टीने तो आरंभच अधिक मोलाचा आहे.

वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजास मांसावाचून जेवण जात नसे. तो रोज मृगयेस निघे आणि नगरातील व जनपदातील लोकांना त्यांची कामे सोडून आपल्याबरोबर नेई. शेती आणि धंदा बुडू लागला तेव्हा लोकांनीच एक तोड काढली. त्यांनी राजाच्या उद्यानात गवत पेरले, पाण्याची सोय केली, मग हातात काठ्या व शस्त्रे घेऊन रानाला वेढा दिला आणि हरणांचे कळप उद्यानात कोंडून दार लावून घेतले. राजास त्यांनी सांगितले की, महाराज, मृग आपल्या दारी आणून ठेवले आहेत, आता आम्हांस आमची कामे करू द्यावीत.

जातक म्हणजे इतिहास नव्हे, हे मान्य. तथापि बंदिस्त शिकारखाना का निर्माण होतो याचे इतके स्पष्ट कारण प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळते. लोकांनी कुंपण घातले ते वेठीतून सुटण्यासाठी. त्यांचा भार हरणांवर गेला. बाणांच्या भयाने पळताना अनेक हरणे जखमी होत, म्हणून निग्रोध व साख या दोन मृगराजांनी पाळी ठरविली. रोज एकाने मरावे. एके दिवशी साखाच्या कळपातील गाभण हरिणीवर पाळी आली. प्रसूतीपर्यंत आपली पाळी पुढे ढकलावी, अशी तिने विनवणी केली. साखाने उत्तर दिले की, तुझी पाळी दुसऱ्यावर टाकता येणार नाही. हे उत्तर नियमाला धरूनच होते. राजाने भार लोकांवर टाकला, लोकांनी हरणांवर, हरणांनी आपल्यातील सर्वांत असहाय जिवावर. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे जे विवेचन केले आहे ते वाचलेल्यास ही उतरंड ओळखू येण्यास वेळ लागणार नाही.

निग्रोधाने ही उतरंड मोडली. राजाने त्याला व हरिणीला अभय दिले, तेव्हा तो तेवढ्यावर थांबला नाही. उद्यानातील इतर मृग, उद्यानाबाहेरील मृग, सर्व चतुष्पाद, पक्षी आणि मासे अशा क्रमाने त्याने अभय मागून घेतले. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील चित्रांत हे जातक आहे.

कुंपणातील शिकार ही केवळ कथेतील गोष्ट नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या विहारासाठी मृगवन कसे असावे ते सांगितले आहे. त्याला एकच दार असावे, भोवती खंदक असावा, आणि आतील हिंस्र पशूंची नखे व दात मोडलेले असावेत! मृगयेचे समर्थन करणारे शौर्याचा दाखला देतात. नखे काढलेल्या वाघापुढे कोणते शौर्य सिद्ध होते, हे त्यांनीच सांगावे. सम्राट अशोकाने आठव्या शिलालेखात नोंदविले आहे की, पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या लेखाचा एक तुकडा आपल्याच महाराष्ट्रात, सोपाऱ्यास सापडला आहे.

आता धाराशिवकडे वळू. १८५३ ते १८६० ही इंग्रजी अंमलाची वर्षे वगळता या जिल्ह्याचा बहुतेक मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान वाघांच्या शिकारीसाठी ख्यात होते. राजधानीजवळ निजामाची खासगी शिकारगाह होती. आज तेथे हरिण वनस्थळी हे राष्ट्रीय उद्यान असून त्यात काळवीट राहतात. शिकारीची छायाचित्रे पाहिली तर बंदूकधारी मध्यभागी दिसतो. झाडी वेढून, ढोल बडवीत जनावर मचाणापुढे आणून देणारे हाकेकरी चित्रात असले तरी त्यांची नावे नसतात. संस्थानी मुलखात ही माणसे बहुधा वेठीने आणलेली असत. अशा माणसांच्या वतनाची गाऱ्हाणी घेऊन २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. परिषदेचा विषय शिकार नव्हता. पण ब्रह्मदत्ताच्या प्रजेने हरणे कोंडून जी सुटका मिळविली, ती येथे दुसऱ्या कोणाला न कोंडता मागितली गेली, हा भेद लहान नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी आली. शिकारीच्या उद्देशाने प्राण्यास हाकणे हीदेखील या कायद्यात शिकारच आहे, आणि जमीन खासगी मालकीची असल्याने बंदी सुटत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या कायद्याने पुरेसे कुंपण असलेल्या जमिनीवरील वन्य पशूंवर धन्याची मालकी मान्य केली. तेथे पैसे घेऊन बंदिस्त प्राण्यांची शिकार करू देणे हा व्यवसाय झाला आहे. तथागतांनी उपासकास वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार आहे. या धंद्यात दोन्ही एकत्र आले आहेत.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हिंसेची गरज आणि हिंसेची इच्छा यांत भेद केला आहे, आणि जेथे केवळ मारण्याची इच्छाच आहे ती हिंसा बुद्धांनी निषिद्ध मानली असे म्हटले आहे. कुंपणातील मृगया या कसोटीस क्षणभरही उतरत नाही. भूक नाही, भय नाही, पिकाचे रक्षणही नाही. परंतु याच कसोटीने पाहिले असता परंड्याच्या किंवा भूमच्या माळावर रात्रभर ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्यास त्याच पंक्तीत बसविता येत नाही. आणि फासेपारध्यासही नाही. राजाची ती मृगया आणि पारध्याच्या फाशात सापडलेला तितर तो गुन्हा, हा न्याय फार जुना आहे. १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्यास आरंभ झाला. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र गेला नाही. पुढे १९७२ साली त्यांचा परंपरागत धंदाही बेकायदेशीर झाला, आणि बदल्यात जमीन किती जणांना मिळाली हे या जिल्ह्यातील पालांवर जाऊन पाहावे.

जातकाचा शेवटही असाच गाळला जातो. अभय मिळालेली हरणे शेतात शिरून पीक खाऊ लागली. अभयाच्या भीतीने त्यांना कोणी हात लावीना. लोक राजाकडे गेले. तो म्हणाला, राज्य सोडीन पण दिलेले वचन मोडणार नाही. वचन राजाचे आणि नुकसान शेतकऱ्याचे, अशी ही स्थिती होती. ती निग्रोधाच्या ध्यानात आली. त्याने कळपास दुसऱ्याचे पीक खाण्यास मनाई केली आणि लोकांना निरोप धाडला की, कुंपण घालू नका, शेताच्या कडेने खूण म्हणून पाने बांधा. तेव्हापासून शेतास पाने बांधण्याची चाल पडली, असे कथा सांगते.

आजचे हरिण पानांची खूण ओळखत नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने केवळ पीक खाल्ले म्हणून त्यास मारण्याची परवानगी मिळत नाही. शेतकऱ्याच्या हाती भरपाईचा अर्ज उरतो. ज्याला परवडते तो झटका यंत्र बसवितो. ज्याला परवडत नाही त्यातला एखादा खांबावरची वीज थेट तारेत सोडतो, आणि रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला अंधारात निघालेला सालगडी त्या तारेवर पडतो.