संकासुराचा वितंडवाद

दशावतारी नाटकात वेद चोरणाऱ्या संकासुराला शेवटी विष्णूच्या हातून मरावे लागते. लाटंबार्सेतल्या पोरालाही हे ठाऊक असते. तरी माणसे रात्री जागतात, कारण मरेपर्यंत तो बोलतो काय, ते ऐकायचे असते.

लाटंबार्से डिचोली तालुक्यात, दोडामार्गच्या हद्दीजवळ. डिचोली आणि पेडणे हे महाल १७८० च्या दशकात सावंत-भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. राज्ये बदलली, तरी जत्रेतला कालो, म्हणजे दशावताराचा खेळ, हद्दीच्या दोन्ही बाजूंना चालूच राहिला. या खेळाला लिखित संहिता नसते. मंडळाचा नाईक आख्यान ठरवतो, सोंगे वाटून देतो. पुढचे संवाद ज्याने त्याने रंगावर उभ्या उभ्या जुळवायचे.

या जुळवणीचे कूळ शोधायला गेले तर वाट थेट न्यायसूत्रांकडे जाते. गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची मोडण्यासाठी वितंडा. शिवाय छल, म्हणजे शब्दाला मुद्दाम वाकवणे. या सूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातले त्याचे उदाहरण कालोत सहज खपेल. एक जण म्हणतो, हा ‘नवकंबल’ आहे. त्याचे कांबळे नवे, एवढेच त्याला म्हणायचे. दुसरा विचारतो, नऊ कांबळी कुठे आहेत? एकच तर दिसते! शास्त्राने याला खोड म्हटले. लोकांनी तिचीच कला केली, असे म्हणायला हरकत नाही.

एकनाथांनी (१५३३–१५९९) ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडात हाच मसाला यमकात घातला. एक दुसऱ्याच्या देवांच्या पुराणकथा काढतो. दुसरा विचारतो, देव सगळीकडे आहे तर तोंड पश्चिमेलाच का? टोमणे चढत जातात, पण प्रत्येक टोमण्यामागे खरा प्रश्न असतो. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. पुढे कलगी-तुऱ्याने शक्ती थोर की शिव, या वादावर सवाल-जवाबांचे फड रंगवले. तिथे मात्र आलिंगनाची घाई कुणालाच नव्हती.

संकासुराला यमकाची फारशी गरज पडत नाही. अंगभर काळा वेश आणि तोंडी गावची बोली, एवढे त्याला पुरते. देव आणि राजे संस्कृतप्रचुर मराठी झाडत असतात. समजा, भटजी वेद परत मागतो. संकासूर हिशेब मांडतो: “वेद चार. माका येक दिलंस तर तुका तीन उरतत. तुजां काय गेलां?” भटजी शास्त्रवचने काढतो, संकासूर बोटे मोजत राहतो. तर्क तंतोतंत, निष्कर्ष चोराचा! संस्कृत नाटकातला विदूषकही ब्राह्मण असून प्राकृत बोलायचा. वरच्या भाषेला खालच्या भाषेने चिमटा काढायची रीत तेवढी जुनी.

गंमत अशी की आपले शहाणपण मिरवणाऱ्या सगळ्या पात्रांत स्वतःचा सिद्धान्त नसलेला हा एकटाच. म्हणून त्याला हरवता येत नाही, मारावेच लागते.

आताशा वेळेच्या ओढाताणीत पुष्कळ मंडळे आडदशावतार, म्हणजे संकासुराचा हा सुरुवातीचा भाग, आटोपता घेतात किंवा गाळूनच टाकतात. मग वेद चोरीलाच जात नाहीत, आणि पायपेटीच्या सुरावर थेट राजाचा दरबार भरतो.