धम्माचा विस्तव : देशोदेशी दिलेला आणि परत मागून आणलेला



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार म्हणून मंडळाची पोरं घरी आली आणि म्हणाली, "काका, बौद्ध धम्म आशियात कसा पसरला यावर तुम्ही लिहा." मी काही पंडित नाही. शाळा अर्धवट सोडून गिरणीत साचाखात्यात लागलो. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात बसून आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पुस्तकं आणून. त्यामुळे चूकभूल पदरात घ्यावी.

सुरुवातीला घरचीच एक गोष्ट सांगतो. माझी आई गावाकडची आठवण सांगायची. सकाळी चूल विझलेली असली आणि घरात काडेपेटी नसली, की ती शेणी घेऊन शेजारच्या घरी विस्तव आणायला जायची. शेजारणीची चूल विझली की ती आमच्याकडे यायची. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं. मात्र वरच्या आळीत विस्तव मागायला जायची सोय नव्हती. आमच्या हाताला विस्तवसुद्धा बाटतो, असा त्या काळचा न्याय होता!

बौद्ध धम्माचा इतिहास वाचताना मला आईची ही गोष्ट वारंवार आठवते. आपण भाषणात नेहमी सांगतो की धम्म भारतातून निघाला आणि साऱ्या आशियात पसरला. हे खरंच आहे. पण ही अर्धी गोष्ट झाली. ज्या ज्या देशाने धम्म दुसऱ्याला दिला, त्या देशातला दिवा पुढे कधी ना कधी विझला किंवा विझायला आला. तेव्हा ज्याला दिला होता त्याच्याच दारात जाऊन तो परत मागून आणावा लागला. हे सर्वांत चांगलं दिसतं ते सिंहलद्वीपाच्या, म्हणजे श्रीलंकेच्या इतिहासात. म्हणून आज चीन-जपानचा पसारा न मांडता लंकेचीच गोष्ट धरून बोलतो.

अशोकाने दिला

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्राला तिसरी धम्मसंगीती झाली. मोग्गलिपुत्त तिस्स थेर तिचे प्रमुख होते. त्यानंतर चारी दिशांना थेर पाठवले गेले, असं सिंहली इतिहासग्रंथ सांगतात. काश्मीर-गांधारला मज्झंतिक गेले. सुवर्णभूमीला सोण आणि उत्तर गेले. आपल्या महारट्ठात महाधम्मरक्खित आले, आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्मरक्खित नावाचे थेर आले. हे धम्मरक्खित यवन होते, म्हणजे ग्रीक! परदेशी माणूस भिक्खू होतो आणि कोकणात येऊन उपदेश करतो. त्याची जात कोणी विचारली नाही. नालासोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सापडला, तो याच अपरांतातला.

लंकेला गेले महिंद थेर. ज्येष्ठ पौर्णिमेला मिहिंतलेच्या डोंगरावर त्यांची आणि राजा देवानंपिय तिस्साची भेट झाली, असं मानतात. लंकेत आजही तो दिवस पोसोन म्हणून पाळतात. राजघराण्यातल्या बायकांनी दीक्षा मागितली. पण भिक्खुणी करायला भिक्खुणी लागतात. म्हणून संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रमार्गे गेल्या. अनुराधपूरला तो वृक्ष आजही आहे. ध्यानात घ्या, लंकेला फक्त पुस्तक किंवा मूर्ती पाठवली नाही, माणसं पाठवली. बायकांसाठी बाई पाठवली.

पाठांतर आणि दुष्काळ

त्या काळी धम्म पुस्तकात नव्हता, तोंडात होता. भिक्खू वाटून घेऊन पाठ करायचे. इ.स.पूर्व पहिल्या शतकात वट्टगामणी राजाच्या वेळी परचक्र आलं आणि त्यातच मोठा दुष्काळ पडला. माणसं अन्नावाचून मेली, त्यात भिक्खूही मेले. ज्याच्या तोंडात जो भाग होता तो त्याच्याबरोबर जाण्याची वेळ आली.

अट्ठकथेत एक गोष्ट आहे. महानिद्देस नावाचा ग्रंथ पाठ असलेला एकच भिक्खू उरला होता आणि त्याचं वागणं चांगलं नव्हतं. मोठमोठे थेर त्याच्याकडे जायला तयार होईनात. शेवटी ग्रंथ बुडेल या भीतीने महारक्खित थेर गेले आणि त्याच्यासमोर बसून शिकले. माणूस कसा का असेना, त्याच्याजवळचं ज्ञान बुडता कामा नये! मंडळात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या आपण सगळ्यांनी ही गोष्ट चार वेळा वाचावी.

यानंतर मातलेजवळच्या आलोकविहारात भिक्खू जमले आणि त्यांनी तिपिटक ताडपत्रावर लिहून काढलं. आज आपण विहारात जी पाली गाथा म्हणतो ती आपल्यापर्यंत पोचली त्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे. भारतात पाली तिपिटकाची परंपरा तुटली. लंकेने ती सांभाळली. इतकंच काय, खुद्द अशोकसुद्धा आपण विसरलो होतो! १८३७ साली शिलालेख वाचला गेला, पण त्यात नाव होतं पियदस्सी. हा कोण राजा, ते कळेना. लंकेत नोकरीला असलेले टर्नर नावाचे इंग्रज अधिकारी पाली ग्रंथ वाचत होते. तिथल्या दीपवंसात त्यांना उलगडा मिळाला की पियदस्सी म्हणजेच अशोक. आपल्या राजाची ओळख आपल्याला शेजाऱ्याच्या वहीत सापडली.

लंकेतला दिवा विझतो

दहाव्या शतकाच्या शेवटी चोळ राजांनी अनुराधपूर घेतलं. १०७० साली विजयबाहू राजाने चोळांना हटवलं. राज्य परत मिळालं, पण संघ कुठे होता? विनयाप्रमाणे एखाद्याला उपसंपदा द्यायची तर मध्यदेशात दहा आणि बाहेरच्या मुलुखात निदान पाच भिक्खू लागतात. तेवढे भिक्खूही मिळेनात! तेव्हा विजयबाहूने ब्रह्मदेशाच्या अनिरुद्ध राजाकडे माणसं पाठवली. तिथून भिक्खू आले आणि लंकेत पुन्हा उपसंपदा सुरू झाली.

अठराव्या शतकात तीच पाळी पुन्हा आली. पोर्तुगीज आणि डचांचे हल्ले, आपापसातल्या लढाया, यांत उपसंपदा झालेला एकही भिक्खू उरला नाही. नुसते सामणेर आणि नावाचे साधू राहिले. वेलिविट सरणंकर या सामणेराच्या मनाला ते लागलं. त्यांच्या आग्रहाने कँडीच्या राजाने सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, माणसं पाठवली. पहिल्या वेळी जहाज बुडालं. दुसऱ्या वेळी काम झालं नाही. तिसऱ्या वेळी १७५३ साली अयुथ्थयाहून उपाली महाथेर आणि त्यांचे सोबती कँडीला पोचले आणि उपसंपदा पुन्हा सुरू झाली. यालाच सयाम निकाय म्हणतात.

आणि पुढे काय झालं? चौदाच वर्षांनी, १७६७ साली, ब्रह्मी सैन्याने अयुथ्थया जाळून टाकलं. जाळणारेही बौद्ध आणि जळणारेही बौद्ध! आपण म्हणतो धम्म तलवारीने पसरला नाही. ते खरं आहे. पण बौद्ध राजांनी तलवार खाली ठेवली होती असं मात्र नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. अयुथ्थया जळालं, पण तिथला विस्तव आधीच लंकेत पोचला होता. दिलं होतं म्हणून तेवढं वाचलं.

विस्तव आला, पण चुलीला जात लावली

आता जी गोष्ट सांगणार आहे ती आपल्या लोकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. सयामहून उपसंपदा आली आणि थोड्याच वर्षांत कँडीच्या राजदरबाराने नियम केला की उपसंपदा फक्त गोविगम या वरच्या शेतकरी जातीलाच मिळेल. ज्या भगवंताने उपाली नावाच्या न्हाव्याला संघात घेतलं, त्याच भगवंताच्या संघात! आणि सयामहून आलेल्या थेरांचं नावही उपालीच होतं!

समुद्रकाठच्या जातींनी हे सहन केलं नाही. त्यात सालागम नावाची जात होती. हे लोक परंपरेने मूळचे विणकर मानले जातात. पुढे परक्यांच्या राज्यात त्यांना दालचिनी सोलण्याच्या कामाला जुंपलं. मी साच्यावर काम केलेला माणूस आहे, म्हणून हे वाचलं तेव्हा माझं काळीज हललं. या लोकांनी राजाच्या दारात डोकं आपटत बसण्यापेक्षा दुसरं दार शोधलं. वेलितरचे ज्ञानविमल नावाचे सामणेर आपले सोबती घेऊन १७९९ साली जहाजाने ब्रह्मदेशाला गेले. अमरपूर राजधानीत तिथल्या संघराजांनी त्यांना उपसंपदा दिली. १८०३ साली ते परत आले. विनयाप्रमाणे उपसंपदेला सीमा ठरवावी लागते, ती पाण्यातही धरता येते. बालपिटियाच्या मादू गंगेत, पाण्यावर, त्यांनी उपसंपदा केली. नदीला जात नसते! त्यांचा अमरपूर निकाय आजही लंकेत आहे.

पण दुःखाची गोष्ट अशी की, पुढे अमरपूर निकायातही जातीजातींचे फाटे फुटले. तेव्हा धम्म आला म्हणजे जात आपोआप गेली, असं समजून कोणी झोपू नये. जात हाताने धरून बाहेर काढावी लागते. आपल्या वस्तीतही लग्न जमवताना पोटजात विचारणारे महाभाग आहेत. नावं लिहीत नाही, ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

बायकांचा दिवा

संघमित्रा थेरींनी लावलेला दिवा लंकेत हजारावर वर्षं टिकला. त्या दिव्याचा एक मोठा प्रवास झाला. पाचव्या शतकात चीनमध्ये बायका प्रव्रज्या घेत होत्या, पण त्यांना उपसंपदा द्यायला तिथे भिक्खुणीच नव्हत्या. त्यामुळे आपली दीक्षा पुरी की अपुरी, ही शंका त्यांना खात होती. तेव्हा नंदी नावाच्या नाखव्याच्या जहाजातून सिंहली भिक्खुणी आल्या. आधी आलेल्या संख्येने कमी पडत होत्या. त्या तिथे राहून चिनी भाषा शिकल्या. मग ४३३ साली आणखी भिक्खुणी आल्या आणि नानजिंग शहरात तीनशेहून जास्त चिनी भिक्खुणींना नव्याने उपसंपदा मिळाली. शिडाच्या जहाजातून, पुन्हा घरी परतण्याची खात्री नसताना या बाया निघाल्या! त्यांचे पुतळे कुठे दिसत नाहीत.

पुढे अकराव्या शतकात लंकेतला भिक्खुणी संघ संपला. विजयबाहूने भिक्खूंची परंपरा परत आणली, भिक्खुणींची परत आली नाही. सुमारे नऊशे वर्षं लंकेतल्या बायकांना सांगण्यात आलं की आता ते दार बंद झालं. पण विस्तव चीनमध्ये जिवंत होता, तिथून कोरियात गेला होता. १९९६ साली आपल्या सारनाथला कोरियन भिक्खुणींच्या मदतीने दहा सिंहली बायकांना उपसंपदा मिळाली. १९९८ साली बोधगयेला तैवानच्या संघाच्या पुढाकाराने आणखी सिंहली बायकांना मिळाली आणि त्याच वर्षी खुद्द लंकेत, दंबुल्लाला, उपसंपदा सुरू झाली. काही वडीलधारे भिक्खू हे अजून मान्य करत नाहीत. पण ४३३ साली दिलेला विस्तव पंधराशे वर्षांनी घरी आला, हे तर खरं!

आणि आपण?

आपल्या देशातली चूल तर पार थंड झाली होती. लंकेचे अनागारिक धर्मपाल आले. त्यांनी १८९१ साली महाबोधी सोसायटी काढली आणि सारनाथला विहार बांधला. १९३१ साली त्याच्या आवारात अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं रोप लावलं. संघमित्रेने नेलेल्या फांदीचं लेकरू माहेरी आलं! बाबासाहेब १९५० साली लंकेला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशाला गेले. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात त्यांनी बुद्धमूर्ती बसवली, ती रंगूनहून आलेली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं ते चंद्रमणी महास्थविरांनी. ते जन्माने ब्रह्मदेशातल्या आराकानचे. मग बाबासाहेबांनी स्वतः तो विस्तव लाखो लोकांच्या ओंजळीत दिला. वरच्या आळीने ज्यांना चुलीचा विस्तव नाकारला, त्यांच्या घरी अशोकाचा विस्तव साऱ्या आशियाची फेरी करून आला.

आता आपल्या विहाराचं बोलतो. मागे आपले ज्येष्ठ उपासक वारले. त्यानंतरच्या पौर्णिमेला पन्नास माणसं जमली होती. त्रिशरण-पंचशील झालं आणि पुढची गाथा कोणालाच पुरी येईना. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. शेवटी मोबाईलवर लावली आणि हात जोडून बसलो. मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. चाळीस वर्षं तो माणूस म्हणत होता आणि आपण त्याच्याकडून एक गाथा घेतली नाही. दोष त्याचा नाही, माझाही त्यात वाटा आहे.

मग पलीकडच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या ताई आल्या. चार महिने दर रविवारी येऊन त्यांनी आपल्या पोरींना शिकवलं. काही पुरुष मंडळींना ते कमीपणाचं वाटलं. त्यांनी विजयबाहू राजा आठवावा. मागून आणण्यात कमीपणा नाही, चूल थंड ठेवण्यात आहे. आज वंदना आपल्या पोरी म्हणतात, हे तुम्ही ऐकताच आहात.

गिरणीत धागा तुटला की साचा थांबवून तो तिथल्या तिथे सांधायचा असतो. कोणाचा तुटला म्हणून भांडत बसलं तर कापड खराब निघतं. तेव्हा प्रत्येक घरातल्या एका तरी मुलाने किंवा मुलीने गाथा अर्थासह पाठ करावी. आणि ज्या वस्तीत अजून विहार नाही, तिथे आपण होऊन जाऊन शिकवावं. उद्या आपली चूल विझली, तर विस्तव मागायला एक दार उघडं असेल.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!