विम्याचा पैसा कोणाचा?

श्रोतेहो, १८१८ साली कलकत्त्यास ओरिएंटल कंपनी निघाली, ती मुख्यतः युरोपियनांसाठी. पुढे हिंदी माणसाचा विमा उतरू लागला, पण हप्ता जादा. तो भेद मोडला मुंबईच्या बाँबे म्युच्युअलने, १८७० च्या सुमारास.

तथापि खरा प्रश्न निराळाच होता. कर्ता पुरुष गेल्यावर ती रक्कम विधवेची की सावकाराची? १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने उत्तर दिले : पत्नी व मुलांच्या हितार्थ उतरविलेली पॉलिसी हा त्यांचा विश्वस्तनिधी, धनकोचा तीवर हक्क नाही. परंतु मुंबई इलाख्यातील हिंदु-मुसलमान कुटुंबांस हे कवच मिळण्यास १९२३ साल उजाडावे लागले. मधल्या अर्धशतकात किती घरांतून हा पैसा गेला असेल, याची कल्पनाच करावी!

१९५६ साली, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७६ साली भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदांसाठी मालकाच्या वर्गणीतून मृत्युविमा आला; कामगाराला त्यासाठी पैही पडत नसे. १९८३ साली मात्र सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, पॉलिसीवर नेमलेली व्यक्ती रक्कम केवळ स्वीकारते, धनी वारसच. २०१५ च्या दुरुस्तीने आईबाप, पतिपत्नी व मुले यांचे नाव असल्यास त्यांचा हक्क मानला.

म्हणून, मंडळी, हप्ता भरून थांबू नका. कागदावर नाव कोणाचे आहे, ते आज रात्रीच पाहा.