विकण्याचा हक्क आणि थांबण्याची ऐपत

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा तास संपवून मी वर्गाबाहेर पडलो, तसा एक विद्यार्थी मागोमाग आला. इकडेतिकडे पाहून त्याने हळूच विचारले, "सर, घेतलेला शेअर विकायचा कधी?"

मी इतिहास शिकवतो. त्याला तसे सांगितलेही. पण तो हलेना. मग हकीकत कळली. त्याच्या आईने शिलाई मशीन घेण्यासाठी बचत गटातून वीस हजारांचे कर्ज काढले होते. त्यातले पंधरा हजार या मुलाने मोबाइलवरून एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते. भाव पडला आणि पंधराचे बारा झाले. एक मित्र म्हणत होता, धरून ठेव. दुसरा म्हणत होता, स्वस्त झालाय तर आणखी घे. तिसरा म्हणत होता, अर्धे विक, अर्धे ठेव. घरी कोणालाच काही ठाऊक नव्हते.

"हप्ता कधीचा?" मी विचारले.

"येत्या सोमवारचा."

परिवर्तनवादी चळवळीच्या त्रैमासिकात शेअरबाजाराचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. बाजार हा भांडवलदारांचा खेळ आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असेही कोणी विचारील. हा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. केव्हा घ्यावे, केव्हा धरून ठेवावे, थोडे विकून भार केव्हा हलका करावा आणि केव्हा सगळेच मोकळे करावे, हे चार प्रश्न आपल्याकडे निव्वळ बुद्धीचे म्हणून मांडले जातात. ज्याला कळते तो कमावतो, ज्याला कळत नाही तो बुडतो, असा समज आहे. इतिहास काय सांगतो ते पाहू.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हा कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी. गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली, भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. या पैशाला जागा हवी होती. म्हणून बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतली बॅक बे कंपनी सर्वांत गाजली. समुद्रातून अजून वर न आलेल्या जमिनीवर तिचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हा सुरतेकडचा दलाल या साऱ्या उलाढालीचा अनभिषिक्त राजा होता. ज्या बँक ऑफ बॉम्बेत सरकारचे स्वतःचे भागभांडवल होते, तिच्यावरचे जुने निर्बंध 1863 साली सैल झाले आणि शेअर तारण ठेवून ती कर्जे देऊ लागली. त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जाऊ लागले.

लोक हे शेअर का घेत होते? बॅक बेची जमीन किती, ती केव्हा तयार होणार, तिचे भाडे किती येणार, याचा हिशेब फार थोड्यांनी केला असेल. उद्या दुसरा कोणी जास्त देईल, हेच खरेदीचे मुख्य कारण होते. असे कारण असले म्हणजे विकायचे केव्हा याला उत्तरच राहत नाही. जमीन किंवा नफा हे कारण असेल तर ते टिकले की गेले हे तपासता येते. 'दुसरा कोणी जास्त देईल' हे कारण मात्र तो दुसरा येईनासा झाला की मगच कळते.

कापसाच्या पैशाचे मूळ कारण तपासता येण्याजोगे होते. ते कारण म्हणजे युद्ध. सप्टेंबर 1864 मध्ये अटलांटा पडले, डिसेंबरात सॅव्हाना पडले. दक्षिणेचा शेवट जवळ आल्याच्या या खुणा होत्या. तरी त्याच हिवाळ्यात मुंबईत 1 जुलै 1865 ही तारीख धरून शेअरांचे वायदे होत राहिले. आज ठरलेल्या भावाने त्या दिवशी माल घ्यायचा आणि पैसे मोजायचे, असा हा करार असे. 9 एप्रिल 1865 रोजी जनरल लीने शरणागती पत्करली. ही बातमी येताच कापसाचा भाव कोसळला, त्यामागून शेअर कोसळले आणि 1 जुलै तर कोणासाठी थांबणार नव्हता. पैसे मोजायला कोणाकडेच पैसे नव्हते. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2,850 रुपयांपर्यंत चढला होता, तो 87 रुपयांवर आला आणि पुढे बँकही गुंडाळावी लागली. खुद्द प्रेमचंद बुडाला. इंग्रजी जाणणारा, परदेशच्या बातम्या इतरांच्या आधी मिळवणारा म्हणून ज्याची ख्याती होती, त्यालाही विकण्याची वेळ साधता आली नाही.

तेजीच्या दिवसांत त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी दान दिले होते. आईच्या नावाचा राजाबाई मनोरा त्यातूनच उभा राहिला. जे वेळेवर हातातून सोडले तेवढेच उरले, असे म्हणायला हरकत नाही.

या प्रकरणातून मला एक गोष्ट दिसते. ज्याने स्वतःच्या पैशाने शेअर घेतला होता त्याचे नुकसान झाले, पण थांबायचे की विकायचे हे ठरवायला तो मोकळा होता. ज्याने कर्जाने किंवा वायद्याने घेतला होता त्याचा निर्णय तारखेने घेतला. वायद्याच्या माणसाला 'धरून ठेवणे' हा शब्दच उपलब्ध नसतो.

आता त्याच बातमीचा दुसरा वाचक पाहू. ज्या युद्धाच्या समाप्तीने मुंबईचे सावकार-दलाल उद्ध्वस्त झाले, त्याच युद्धाने अमेरिकेतील गुलामगिरी संपुष्टात आली. 1873 साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण करून. मुंबईच्या बाजारात ज्या वार्तेने आकांत झाला, त्या वार्तेत पुण्याच्या जोतीरावांना शूद्रातिशूद्रांच्या सुटकेचा आधार दिसला. कापसाच्या गासडीमागे माणूस आहे, हे बाजाराच्या हिशेबात कोठेच नव्हते. जोतीरावांनी त्या माणसापासूनच सुरुवात केली. कोणताही शेअर घेण्यापूर्वी त्या नफ्यामागे कोणाचे श्रम आहेत हे विचारण्याची परंपरा आपल्याकडे तेव्हापासूनची आहे.

यानंतरचा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे आणि तो आपल्या मेळाव्यांत फारसा सांगितला जात नाही. 1917 साली बाबासाहेब विलायतेहून परतले. कोलंबिया विद्यापीठाची अर्थशास्त्रातील एम. ए. ही पदवी त्यांच्यापाशी होती, लंडनला ते अर्थशास्त्राचेच पुढील शिक्षण घेत होते. बडोद्याच्या नोकरीत त्यांची काय विटंबना झाली, राहायला जागा कशी मिळाली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईला परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअरच्या व्यवहारांत सल्ला देणारी एक पेढीही काढली. काही गिऱ्हाइके आली. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ती फिरकेनाशी झाली आणि पेढी बंद पडली.

या घटनेवर क्षणभर थांबले पाहिजे. बाजाराला जात नसते, रुपयाला विटाळ होत नाही, असे आपल्याला ऐकवले जाते. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मुंबईच्या गिरण्यांना बरकत आली होती, त्यांचे शेअर घेणारे पुष्कळ होते. अशा वेळी अर्थशास्त्राचा इतका अधिकारी सल्लागार मुंबईत किती जणांना लाभला असता? पण नफा कमी झाला तरी चालेल, महाराचा सल्ला नको, असे त्या गिऱ्हाइकांनी ठरवले. आपल्या स्वार्थाविरुद्ध जाऊनही माणूस जात पाळतो, याचा याहून रोकडा पुरावा मला ठाऊक नाही. पुढे नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतलीच.

त्याच 1918 साली त्यांचा हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवरील निबंध प्रसिद्ध झाला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात त्या प्रमाणावरून ठरते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. शेअर त्यांचा विषय नव्हता, पण मी त्यातून एक धडा घेतो. शेअर स्वस्त की महाग हेही नुसत्या भावावरून ठरत नाही. कंपनी काय मिळवते त्याच्याशी तो भाव ताडून पाहावा लागतो, आणि घेणाऱ्याच्या घरात किती शिल्लक आहे त्याच्याशीही.

सल्ल्याच्या हक्काप्रमाणे विकण्याचा हक्कही आम्हांला नव्हता. आमच्या वाट्याला जी मालमत्ता आली ती वतनाची. 1874 च्या वतन कायद्याखाली महारांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची आणि सरकारची कामे करायची आणि त्या बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा कसायचा. तो तुकडा वतनदार कुटुंबाबाहेर मोकळेपणी विकता येत नसे. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले. या जमिनी पूर्ण सारा आकारून मोकळ्या कराव्यात आणि महारांना सक्तीच्या चाकरीतून सोडवावे, असा त्याचा रोख होता. ते साधले नाही. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. साऱ्याच्या काही पट रक्कम भरून जमिनी परत मिळाल्या, पण नवीन व अविभाज्य शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विक्री नाही.

आमच्या घरच्या सातबाऱ्यावर आजही 'भोगवटादार वर्ग 2' असे लिहिलेले आहे. मी कॉलेजात जायला निघालो तेव्हा वडिलांना त्यातला थोडा भाग विकायचा होता. परवानगीसाठी त्यांनी कचेरीचे खेटे घातले. ती मिळाली नाही. शेवटी आईची डोरली गहाण पडली. मी पदवीधर झालो, घराण्यातला पहिला. पुढे एकदा मी या शर्तीला नावे ठेवू लागलो तेव्हा वडील म्हणाले, "इकता आलं न्हाई म्हनून तर ऱ्हायलं. न्हाईतर सावकारानं कवाच गिळलं असतं." वडिलांचे म्हणणे खोटे नाही. विक्रीच्या बंदीने कितीतरी जमिनी वाचल्या. पण ज्याला विकताच येत नाही त्याने धरून ठेवले, याला निर्णय म्हणता येत नाही. आणि ज्याला सोमवारचा हप्ता आहे त्याने विकले, यालाही निर्णय म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणी ठरवणारा दुसराच कोणी असतो.

आज डीमॅट खाते उघडताना जात विचारत नाहीत. हा बदल मी लहान मानत नाही. पण दार उघडताच आपली मुले कोठे जाऊन बसली आहेत हेही पाहिले पाहिजे. 'सेबी' या सरकारी नियंत्रक संस्थेने सप्टेंबर 2024 मध्ये शेअरांच्या वायदेबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तेथे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाखांचा. यांतल्या पाऊणशेहून अधिक टक्के लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे सांगितले होते. 1 जुलै 1865 ही तारीख आता दर आठवड्याला, दर महिन्याला येते, एवढाच फरक.

तेव्हा त्या मुलाला मी काय सांगितले? घेताना का घेतो हे एका ओळीत वहीत लिही. लिहिता आले नाही तर घेऊ नकोस. ते कारण शाबूत असेल आणि पैसा स्वतःचा, न लागणारा असेल, तर भाव पडला तरी धरून ठेव. एकच शेअर इतका वाढला की तो पडल्यावर घरातले कोणाचे शिक्षण थांबेल, तर थोडा विकून भार हलका कर. कारणच गेले, तर भाव वर असो की खाली, विकून मोकळा हो. आणि उसन्या पैशाने, वायद्याने कधीही घेऊ नकोस, कारण मग या चारांपैकी एकही गोष्ट तुझ्या हाती राहत नाही.

"पण आत्ता काय करू?" तो म्हणाला.

"आत्ता तुझ्या हातात निर्णय नाही. सोमवार आहे. विक आणि आईला सांग."

त्याने विकला. आईलाही सांगितले. ती दोन दिवस बोलली नाही, मग उरलेल्या पैशांत जुने मशीन घेतले. दीड महिन्याने तोच शेअर पंधरा हजारांच्याही वर गेला. वर्गातली मुले त्याला हसली, आणि बहुधा मलाही हसली असतील. माझा सल्ला भावाच्या दृष्टीने चुकला, हे मी मान्य करतो. पण भाव वर जाईपर्यंत थांबण्याची ऐपत त्या घरात नव्हती. ती ऐपत आधी उभी करणे हे आपले काम आहे. विद्यार्थ्यांना ते सांगितले पाहिजे आणि बचत गटांच्या बैठकांतूनही ते बोलले गेले पाहिजे. केव्हा विकायचे हा प्रश्न त्यानंतरचा.