वेगाचा लगाम : गिरणीच्या इंजिनापासून मोटारीच्या क्रूझ कंट्रोलपर्यंत

कराड, पाटण, वाळवा या बाजूच्या जुन्या माणसांना गिरणीचे तेलाचे इंजिन आठवत असेल. गावाबाहेर पत्र्याची शेड, आत जाडजूड चाकाचे इंजिन, त्यावरून गिरणीकडे गेलेला पट्टा, आणि साऱ्या शिवारात ऐकू जाणारा तो पुक्‌ पुक्‌ आवाज. वरच्या डब्यात जोंधळ्याची पाटी रिकामी केली की तो आवाज क्षणभर जड व्हायचा, जणू इंजिनाला धाप लागली. पण लगेच ते आपले आपण सावरे आणि आवाज पुन्हा पहिल्या तालावर येई. गिरणीवाला तर पिठाच्या डब्याशी उभा असे, इंजिनाकडे धावलेला कुणी नसे. मग इंजिनाला सावरले कुणी?

ते काम करणाऱ्या भागाला आपल्याकडचे मिस्त्रीलोक सरळ गव्हर्नर म्हणतात. या गव्हर्नरचा इतिहास आज सांगायचा आहे. मोटारीतल्या ज्या क्रूझ कंट्रोलचे आज सर्वांना कौतुक आहे तो याच गव्हर्नरचा नातू. आणि इंजिन बदललेल्या गाडीत तो मागाहून बसवायला निघालेल्या माणसाला जी अडचण येते, ती दीडशे वर्षांपूर्वीच एका शास्त्रज्ञाने कागदावर मांडून ठेवली आहे.

आधी आपल्या जिल्ह्यांचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्याच घराण्याने 1946 साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी काढली आणि तिची इंजिने विहिरीविहिरीवर दिसू लागली. सातारा रोडच्या कूपरांचे नाव मात्र पाठ्यपुस्तकात फारसे येत नाही. धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात आधी नांगर झाले आणि पुढे डिझेल इंजिने. हेच कूपर एप्रिल 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. (त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.) गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून काँग्रेस अडून बसली होती, म्हणून हे तात्पुरते मंत्रिमंडळ आले आणि जुलैमध्ये खेर मंत्रिमंडळ येताच गेले. ज्यांच्या कारखान्यात इंजिने होत, त्यांच्या वाट्याला मंत्रिपद आले तेही गव्हर्नरच्याच भांडणातून. असो, इतिहासाच्या मास्तरला असल्या योगायोगांचा मोह आवरत नाही.

आता गव्हर्नर करतो काय ते पाहू. इंजिनाबरोबर एक दांडा फिरतो. त्याला दोन वजने अशी टांगलेली असतात की वेग वाढला की ती बाहेर फाकतात, वेग उतरला की आत येतात. या फाकण्या-मिटण्याला एक तरफ जोडलेली असते आणि ती इंधनाची वाट कमीजास्त करते. जात्यात धान्य पडले, वेग उतरला, वजने मिटली, तेल वाढले. धान्य संपले, वेग चढला, वजने फाकली, तेल कमी झाले. एवढेच. डिझेल इंजिनाला तर हा भाग असावाच लागतो. त्यात हवा मनसोक्त शिरत असते. भार एकाएकी सुटला आणि तेल तेवढेच राहिले, तर इंजिन वाटेल तितके चढते आणि मोडते.

ही कल्पना जेम्स वॉटची, असे सर्वत्र छापलेले असते. ते अर्धेच खरे आहे. इंग्लंडातल्या पवनचक्क्यांवर धान्य दळत असत. (आपल्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या वीज करतात, त्या वेगळ्या.) वारा वाढला की वरची तळी जोरात फिरून किंचित उचलली जाई आणि पीठ जाडे पडे. म्हणून तळ्यांमधले अंतर आपोआप सांभाळण्यासाठी तिथल्या कारागिरांनी फिरती वजने वापरली होती. थॉमस मीड याने 1787 साली तसे पेटंटही घेतले. लंडनच्या अल्बियन मिल्स या वाफेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीत वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने ही युक्ती पाहिली आणि 1788 च्या मे महिन्यात वॉटला पत्राने कळवली. वॉटने तीच वजने वाफेच्या झडपेला जोडली. म्हणजे गव्हर्नर जन्मला गिरणीत, तिथून वाफेच्या इंजिनावर गेला, आणि शेदीडशे वर्षांनी तेलाच्या इंजिनावर बसून आमच्याकडे परत गिरणीतच आला.

पुढची कथा जास्त महत्त्वाची आहे. वॉटच्या काळची यंत्रे ओबडधोबड असत. सांध्यासांध्यात घर्षण, म्हणून सगळ्या हालचाली मंद. पुढे कारागिरी सुधारली, सांधे सुळसुळीत झाले, इंजिने मोठी झाली. अशा वेळी गव्हर्नर अधिक चांगला चालावा, तर तो बिघडू लागला. वेग जरा उतरला की तो वाफ भसकन सोडी. वेग नको तितका चढे. मग तो वाफ आवळून धरी आणि वेग नको तितका उतरे. असे वरखाली सारखे चालू राही. आपल्याकडचे मिस्त्री आजही याला ‘इंजिन हंटिंग मारतंय’ म्हणतात.

या रोगाचे निदान जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने केले, वीज आणि चुंबकत्वाची समीकरणे मांडणारा तोच मॅक्सवेल. 1868 साली त्याने गव्हर्नरवर एक छोटासा निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला. त्यातले गणित मला झेपणारे नाही, पण सार सांगता येते. गव्हर्नर चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. तो कोणत्या यंत्राला जोडला आहे, त्या यंत्राचे वजन किती, घर्षण किती, हुकूम मिळाल्यापासून वेग बदलेपर्यंत उशीर किती, हे सगळे मिळून ठरते की डोलणे हळूहळू विझेल की वाढत जाईल. एका यंत्रावर शहाण्यासारखा वागणारा गव्हर्नर दुसऱ्यावर वेड्यासारखा वागू शकतो. स्थळ पाहताना मुलगा-मुलगी दोन्ही चांगली असून चालत नाही, जोडा जमावा लागतो. तसेच हे.

मोटारींकडे वळू. अमेरिकेत 1910 च्या आसपास पिअरलेस नावाच्या महागड्या मोटारीला फिरत्या वजनांचा गव्हर्नर होता, आणि चढ असो की उतार, वेग राखला जाईल अशी तिची जाहिरात असे. पण तो प्रकार मागे पडला. क्रूझ कंट्रोलला आजचे रूप आले ते राल्फ टीटर या माणसामुळे. टीटर जन्मला 1890 साली. पाच वर्षांचा असताना अपघात झाला आणि दोन्ही डोळे गेले. तरीही तो 1912 साली इंजिनिअर झाला, पिस्टनच्या रिंगा करणाऱ्या कारखान्याचा प्रमुख झाला, आणि 1936 साली अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्षही. गोष्ट अशी सांगतात की एकदा त्याचा वकील गाडी चालवीत होता. वकीलसाहेब बोलू लागले की गाडी मंदावे, ऐकू लागले की वेग घेई. शेजारी बसलेल्या आंधळ्या टीटरला रस्ता दिसत नव्हता, पण प्रत्येक हिसका अंगाला कळत होता. डोळसांच्या ध्यानात न आलेली गोष्ट त्याने पकडली. दुसऱ्या महायुद्धात इंधन आणि टायर वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी 35 मैलांची मर्यादा होती, तिचीही या विचाराला जोड मिळाली.

टीटरला पेटंट मिळाले 1950 च्या ऑगस्टमध्ये. आत तीच वॉटची फिरती वजने होती. फरक इतकाच की ती इंजिनावरून नव्हे, तर चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावरून फिरत. ठरवलेला वेग आला की अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल पायाला उलट रेटा देई. पुढे पेडल आपोआप धरून ठेवण्याची आणि ब्रेकला पाय लागताच सोडून देण्याची सोय झाली. 1958 सालच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत हे यंत्र प्रथम विकायला आले, ‘ऑटो-पायलट’ या नावाने. क्रूझ कंट्रोल हे नाव कॅडिलॅकचे. 1973 चे तेलसंकट आल्यावर पेट्रोल वाचवणारी वस्तू म्हणून त्याचा बोलबाला झाला. टीटर 1982 साली वारला. स्वतः मोटार चालवू न शकणाऱ्या माणसाची ही देणगी आज कोट्यवधी चालक वापरतात.

हा इतिहास मी वर्गात सांगितला तेव्हा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. त्याच्याकडे दोन आसनांची जुनी स्पोर्ट्‌स कार आहे. मूळचे इंजिन गेलेले, त्या जागी दुसऱ्या गाडीचे दुप्पट ताकदीचे इंजिन बसवलेले. म्हणाला, “सर, आता क्रूझ कंट्रोल तेवढा टाकायचाय. बाजारात किट मिळतं. पुण्याला जाताना पाय आखडतो.” मी म्हटलं, “अरे, तू मॅक्सवेलचा रोग विकत घ्यायला निघालास!” तो हसला. मग त्याच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे जाऊन आम्ही तासभर बसलो, आणि मला वाटले होते त्याहून बरेच काही कळले.

इंजिन बदलणे ही काही नवी गोष्ट नाही. पेट्रोल महाग झाले तेव्हा जीप आणि अँबॅसडरमध्ये डिझेल इंजिने घालून देणारी गॅरेजे गावोगाव होती. पण त्या गाड्यांत वेग राखणारा होता चालकाचा पाय, आणि पायाला नव्या इंजिनाची सवय दोन दिवसांत होते. किटमधल्या पेटीला तशी होत नाही. तिला तीन गोष्टी लागतात : गाडीचा वेग कळणे, थ्रॉटल ओढता येणे, आणि केव्हा सोडायचे ते समजणे.

वेगाची खबर गिअरबॉक्सवरून किंवा चाकाच्या दांड्यावर चिकटवलेल्या चुंबकावरून ठोक्याठोक्याने येते. गिअरबॉक्स, डिफरन्शिअल किंवा टायर बदलला असेल तर किलोमीटरमागे ठोक्यांचा हिशेब बदलतो, तो नव्याने मोजून पेटीत भरावा लागतो. थ्रॉटल ओढण्याचे काम काही किटांत इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालते. शर्यतीच्या थाटाच्या इंजिनात व्हॅक्यूम अपुरा पडतो. मग चढावर पेटी थ्रॉटल सोडून देते, नाहीतर वेगळी टाकी किंवा विजेवरची मोटर जोडावी लागते. नव्या इंजिनाचा थ्रॉटल विजेवरच चालणारा असेल तर काम त्याच्या कॉम्प्युटरकडूनच करून घेता येते, पण तो कॉम्प्युटर आपल्या मूळ गाडीच्या ब्रेकची आणि चाकांची खबर मागत बसतो.

आणि मग मॅक्सवेल. किटमध्ये हुकमाचा जोर कमीजास्त करायची सोय असते. जड गाडी आणि बेताचे इंजिन असेल तर जोर जास्त लागतो. हलकी गाडी आणि दणकट इंजिन असेल तर तोच जोर अती होतो, आणि सपाट रस्त्यावरसुद्धा गाडी पुढे झेपावते, मागे ओढते, पुन्हा झेपावते. मिस्त्री म्हणाले, “सर, सगळ्यात खालच्या नंबरापासून सुरू करायचं. घाई केली की गाडी झोके घेणार.” मॅक्सवेलचा निबंध त्यांनी वाचलेला नाही. वाचायची गरजही दिसली नाही.

खरी जोखीम तिसऱ्या गोष्टीत आहे. गिअर हाताने बदलायच्या गाडीत क्लच दाबला की इंजिनावरचा भार एकदम सुटतो. गाडीचा वेग उतरू लागतो, पेटीला वाटते चढ आला, आणि ती थ्रॉटल आणखी उघडते. पट्टा निसटलेल्या गिरणीच्या इंजिनाचीच ही गत. म्हणून क्लचच्या पेडलला तोडबटन हवेच. उताराचे तर सांगायलाच नको. हे साधे यंत्र थ्रॉटल सोडू शकते, ब्रेक लावू शकत नाही. खंबाटकीचा घाट उतरताना ते चालू ठेवणारा चालक कुणाच्या भरवशावर बसलेला असतो ते त्यालाच ठाऊक.

ब्रेकच्या तोडबटनाबद्दल मिस्त्रींनी एक बारीक गोष्ट दाखवली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. कित्येक किटांची एक तार ब्रेकच्या दिव्याच्या वायरला जोडतात. ब्रेक दाबलेला नसतो तेव्हा ती बल्बच्या तारेतून जमिनीला, म्हणजे अर्थला, टेकलेली असते. ब्रेक दाबला की तिच्यात वीज येते, आणि पेटी समजते की आता सोडायचे. हौसेने गाडी सजवताना बल्बऐवजी एलईडी दिवे बसवले तर ही अर्थची वाट बंद होते आणि क्रूझ कंट्रोल चालूच होत नाही. मग कुणी वैतागून ती तार थेट बॉडीला जोडतो. क्रूझ चालू होतो, मालक खूश. पण आता ब्रेक दाबताच फ्यूज उडतो, मागचे दिवे लागत नाहीत, आणि ब्रेक दाबलाय हे पेटीला कळतच नाही. यावर उपाय एका रिलेचा आहे, आणि रिले बसवायला अर्धा तास पुरतो. विद्यार्थ्याच्या गाडीला एलईडी दिवेच होते. मिस्त्रींनी आधी रिले आणायला पोराला पिटाळले, आणि मग विचारले, “इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत केलीय ना? नसेल तर आधी ती करा. किट तोवर इथंच राहू दे.”