धावत्या मोटारीस लागणारी आग

चालत्या वाहनात इंधन, तेल, वायरिंग किंवा बॅटरीतील बिघाडामुळे लागणारी आग. धडकेनंतर भडकणाऱ्या आगीहून ती वेगळी धरावी. इथे आधी बिघाड होतो, मग गाडी पेटते आणि मधली काही मिनिटे बहुधा हाती असतात.

पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते. ठिणगी नसली तरी तापलेला धातू पुरतो. घाटाच्या चढणीवर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेकडो अंशांपर्यंत तापतो. तडकलेल्या पाइपातून त्यावर तेल ठिबकले की आधी जळका वास येतो, मग धूर निघतो, मग ज्वाळा. डिझेल गाडी पेटत नाही हा समज खोटा आहे. डिझेलचे स्वयंज्वलन तापमान पेट्रोलपेक्षा कमीच असते. 2018 मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या रस्त्यात पेटू लागल्या. धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर यंत्रणेच्या कूलरमधून शीतद्रव गळत होता. काजळीत मिसळून साचलेला हा द्रव गरम वायूंनी पेट घेई. लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आपल्याकडच्या बातम्यांत ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य ठरलेले असते आणि पुष्कळदा तपास तिथेच थांबतो. वायर का जळाली, हा खरा प्रश्न. जादा दिवे, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टीम यांसाठी मूळ वायर सोलून, फ्यूज न घालता जोड दिलेला असतो आणि वर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते. उभ्या गाडीत शिरलेले उंदीरही वायर कुरतडतात.

गाडी पळत असताना वारा इंजिनची उष्णता आणि इंधनाची वाफ उडवून नेतो. ती थांबताच हा वारा बंद होतो, म्हणून धुरकटणारी गाडी कडेला घेतल्यावर भडकते. शिवाय मागची आग चालकाला दिसत नाही. मार्च 2010 मध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेली नवी नॅनो वाटेतच पेटली. नॅनोचे इंजिन मागे असते. धोक्याची खूण चालकाला एका दुचाकीस्वाराने केली. आतले सगळे सुखरूप उतरले. त्याच वर्षी कंपनीने नॅनोच्या एक्झॉस्ट व विद्युत यंत्रणेला मोफत जादा संरक्षण देऊ केले.

वास आला की गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, दारे उघडून सर्वांनी उतरून दूर जावे आणि 101 किंवा 112 ला फोन करावा. बॉनेट सताड उघडू नये. आत हवा शिरून आग उसळते. विजेचे लॉक व काचा जळून अडकल्यास बाजूची काच कोपऱ्यात फोडावी. पुढची काच थरांची असल्याने सहज फुटत नाही. सामानासाठी परत आत जाणे जिवावर बेतते.

विजेवरच्या गाडीत बॅटरीचा एक सेल तापून शेजारच्याला तापवतो आणि आग आतल्या आत पसरते. ती निवविण्यास भरपूर पाणी लागते. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते. म्हणून अशी गाडी इतर वाहनांपासून लांब, उघड्यावर ठेवतात.